सुभेदारांचा मराठी चार

‘बहुतेक’ हा शब्द तोंडातून निघाला म्हणून कुपवाडच्या आमच्या कारखान्यामागच्या कडुलिंबाला मी किती फेऱ्या मारल्या असतील, याची मोजदाद मी कधी केली नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. यंत्राच्या खोलीत कुणी ‘बहुतेक’ म्हणालं की सुभेदार मान वर न करता दाराकडे बोट दाखवत. आपण निमूट बाहेर जायचं, चपला घालायच्या, लिंबाला एक फेरी मारायची आणि परत येऊन तेच वाक्य त्या शब्दाशिवाय बोलून दाखवायचं. गंमत अशी, की परत आल्यावर ते वाक्य बोलताच येत नसे. ‘बहुतेक डिस्क खराब झालीय’ असं म्हणून बाहेर गेलेला माणूस परत येऊन म्हणायचा, ‘डिस्क मी तपासलेली नाही.’ मग सुभेदार म्हणायचे, “मंग तपासा की.”

एकदा मुंबईच्या मुख्य कचेरीतले डायरेक्टर आले होते. वर्षातून दोनदा यायचे. यंत्रासमोर उभं राहून ते म्हणाले, हे मॉडेल बहुतेक दिवाळीपर्यंत बाजारात जाईल. सुभेदारांचं बोट दाराकडे गेलं. डायरेक्टर हसले. बोट खाली येईना. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे. शेवटी तो टाय लावलेला माणूस उन्हात गेला आणि लिंबाला फेरी मारून परत आला. पण बोलायचं होतं ते वाक्य मात्र त्यांनी गिळून टाकलं. त्या दिवसापासून ते सुभेदारांशी जरा जपूनच बोलायचे.

सुभेदार हे काही त्यांचं नाव नव्हे, फौजेतला हुद्दा. ते उंब्रजचे. घरची उसाची शेती, दोन भाऊ शेतावर आणि हे फौजेत. बावीस वर्षं फौजेच्या वायरलेस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथेच कधीतरी कंप्युटरच्या शिक्षणाला पाठवलं गेलं आणि हा गडी त्या यंत्राच्या जो नादी लागला तो लागलाच. डिग्री नाही. इंग्रजी फौजेतलं, म्हणजे कामापुरतं आणि मोठ्या आवाजातलं. पेन्शन घेऊन आल्यावर सत्तरच्या दशकाच्या मध्याला कुपवाडच्या आमच्या छोट्या कंपनीत यंत्रविभागाचे प्रमुख म्हणून लागले. सांगलीत खोली घेऊन राहायचे, शनिवारी एस.टी.ने उंब्रजला आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. यंत्राच्या खोलीत थंडी असायची म्हणून भर मे महिन्यात अंगात फौजी स्वेटर. बाहेर लोक घाम पुसतायत आणि हे स्वेटर घालून सायकलवरून चाललेत, असं दृश्य कुपवाडच्या रस्त्यावर रोज दिसायचं. पोरं हसायची. हे त्यांना सॅल्यूट ठोकायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आष्ट्याची. सांगलीच्या कॉलेजातून गणितात बी.एस्सी. केलेली. टंकन येतं म्हणून मला घेतलं होतं, कागदी पट्टीवर भोकं पाडायला. त्या काळी यंत्राला काही सांगायचं तर टंकयंत्रावर बडवायचं, त्यातून भोकं पडलेली पट्टी निघायची आणि ती यंत्राला खायला घालायची. दोन महिने मी नुसती पट्टी पाडली. मग एक दिवस सुभेदारांनी विचारलं, की हे जे तुम्ही बडवता त्याचा अर्थ तुम्हाला कळतो का. मी म्हटलं, थोडा कळतो. त्यांनी एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “थोडा नगं. समदा कळू द्या.” माझ्या आयुष्याला वळण लागलं ते त्या वाक्यानं. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी वाढवून सांगतेय.

त्यांचा दुसरा हट्ट आकड्यांचा. फौजेत बावीस वर्षं इंग्रजी आकडे लिहिले, आता पुरे, असं त्यांनी पेन्शनीच्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे. त्यानंतर त्यांच्या हातून इंग्रजी आकडा कधी उमटला नाही. वही, तक्ते, यंत्राच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळीकडे मराठी आकडे. खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा त्यांनी कागदाचे कपटे चिकटवून बारा मराठी आकडे बसवले होते. एकदा पुण्याहून एक विक्रेता आला. घड्याळाकडे बघून बिचारा चक्रावला. या घड्याळात आठ चुकीच्या जागी आहे, असं त्यानं हळूच मला सांगितलं. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचा चेहरा किती सारखा असतो हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला कधी अडचण पडली नव्हती, कारण सुभेदारांच्या वहीत ते चिन्ह दिसलं की तो चारच असायचा. डोळ्यांनी बघायचं आणि बोटांनी इंग्रजी चार बडवायचा, मध्ये विचार करायला थांबायचं कारणच नव्हतं.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं. आम्ही साखर कारखान्यांसाठी एक लहान कंप्युटर बनवत होतो. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या काट्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. कुठल्या गाडीचा नंबर कधी लागला, वजन किती भरलं, पुढची गाडी कुठल्या काट्यावर न्यायची, हे सगळं आमच्या यंत्रानं बघायचं होतं. यंत्र बंद पडलं की रांग थांबणार. बैल उन्हात उभे, ऊस वाळतोय आणि गाडीवाले काट्यावरच्या माणसाच्या अंगावर धावून जातायत, हे चित्र आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ होतं, कारण प्रत्येकाच्या घरचा नाहीतर नात्यातला ऊस अशा रांगेत उभा राहिलेला होता.

हे यंत्र ज्याच्या जोरावर चालायचं ती ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही इथेच लिहिली होती. तिचे एकतीस भाग होते. एकतिसाव्या भागाला आम्ही गाभा म्हणायचो. बाकीच्या सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारा तो. हे भाग माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेले असायचे आणि यंत्राला तर फक्त त्याची स्वतःची भाषा कळते. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. एकतीसच्या एकतीस भाग कंपायलरमधून काढायचे आणि एकत्र जोडायचे, याला सुभेदार ‘बांधणी’ म्हणायचे. दर शनिवारी सकाळी बांधणी व्हायची आणि मगच त्यांची उंब्रजची गाडी.

अडचण अशी झाली, की आमचा कंपायलर एका परदेशी कंपनीचा होता. ती कंपनी देशातून गाशा गुंडाळायला निघाली आणि कंपायलर वापरायची परवानगी अमुक महिन्यानंतर राहणार नाही असं पत्र आलं. मुंबईहून दुसरं पत्र आलं, की काम तिकडे हलवायचा विचार आहे. सुभेदारांनी उलट टपाली कळवलं, की कंपायलर आम्ही लिहितो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले दोन इंजिनियर. दीड वर्ष लागलं. वाक्यं तोडणं आणि ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी यंत्राच्या भाषेत उतरवणं, हा त्यातला सगळ्यात मोठा भाग माझ्याकडे होता. मुंबईच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की नव्या कंपायलरनं बांधलेलं यंत्र एका कारखान्यानं मान्य करून सही दिली तर विभाग कुपवाडला राहील, नाहीतर मुंबईला. मुंबईला जायची परवानगी मला घरून मिळणार नव्हती, हे मला न विचारताच माहीत होतं. म्हणजे ती सही झाली नाही तर माझं हे काम संपलं.

जुना कंपायलर डिस्कच्या चौथ्या कप्प्यात होता, नवा आम्ही आठव्या कप्प्यात ठेवला. मुंबईकरांचं म्हणणं होतं, की जुना काढा, नवा बसवा, एका दिवसात काम संपवा. सुभेदार ऐकेनात. सोमवारी उंब्रजहून आले ते हसतच आले. त्यांची एक रीत होती. इथे काहीही नवीन ठरलं की रविवारी ते आईला सांगायचे आणि म्हातारीला कळलं नाही तर आम्हाला परत लिहायला लावायचे. या वेळी म्हातारीनं त्यांनाच विचारलं होतं, की एका रानात दोन टोळ्या ऊस तोडायला घातल्या तर कुठला फड कुणाचा हे कोण सांगतं? मुकादम सांगतो. मग तुझ्या यंत्रात मुकादम कुठं हाय?

त्या दिवशी मुकादम जन्माला आला. वहीचं एक पान, त्यावर एकतीस भागांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. चार असेल तर तो भाग जुनी टोळी कापणार, आठ असेल तर नवी. हे पान मी पट्टीवर उतरवायची आणि बांधणी सुरू करताना ती पट्टी सगळ्यांत आधी यंत्राला द्यायची. यंत्र मुकादमाला विचारून त्या त्या भागासाठी तो तो कंपायलर उचलायचं. दर आठवड्याला एक-दोन भाग चारवरून आठवर आणायचे, आठवडाभर यंत्र चालवून बघायचं, ठीक वाटलं तर पुढचे. एखादा भाग बिघडला तर नेमका कुठला हे लगेच कळायचं. आता अशा गोष्टी कुठल्याही पुस्तकात सापडतात. आम्हाला त्या उंब्रजच्या एका म्हातारीनं शिकवल्या आणि तिनं कंप्युटर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे.

बांधणी चालू असताना यंत्र नुसतं भागाचं नाव छापायचं, कुठल्या कंपायलरनं काढला ते छापत नसे. म्हणून सुभेदारांचं ‘वाचन’ होतं. पट्टी तयार झाली की ती टंकयंत्रातून उलट छापून घ्यायची. मी छापील कागद मोठ्यानं वाचायची आणि सुभेदार वहीच्या पानावर बोट ठेवून ऐकायचे. “काटा, आठ.” “हजर.” “रांग, आठ.” “हजर.” फौजेतल्या हजेरीसारखं एकतीस वेळा. पहिल्यांदा मला हसू आवरलं नाही. सुभेदार थांबले आणि हसून होईपर्यंत वाट बघून पहिल्यापासून सुरू केलं. नंतर वाचनाशिवाय बांधणी म्हणजे आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

सात महिन्यांत तीस भाग आठवर आले. राहिला गाभा. सुभेदारांचं म्हणणं होतं, की गाभा आठवर आणू, महिनाभर चालवू, मग पाहुण्यांना बोलवू. पण गाळपाचा हंगाम तोंडावर आला होता आणि मुंबईनं तारीख ठरवून टाकली. कारखान्याचे चीफ इंजिनियर येणार, त्यांच्यासमोर शेवटचा भाग नव्या कंपायलरवर जाणार, फोटो निघणार. माझे दोन्ही सोबती सुभेदारांच्या मागे लागले, की आदल्या दिवशी एकदा गुपचूप करून बघू. ते म्हणाले, “आज करून बगायचं आन उद्या पयल्यांदाच करतोय म्हणून दावायचं, ह्यो तमाशा आपल्याला जमायचा न्हाई.” त्यांच्या या ताठ्याचा मला त्या दिवशी मनापासून राग आला होता. आज येत नाही, पण त्या दिवशी आला होता हे खरं.

ठरलेल्या दिवशी डायरेक्टर आले, फोटोग्राफर आला आणि वाळव्याकडचे ते चीफ इंजिनियर आले. उंच, सावळे, मनगटावर मोठं घड्याळ, बोलणं अगदी थोडं. सुभेदारांनी सकाळीच पान लिहून ठेवलं होतं. तीस नावांपुढे मराठी आठ, आणि गाभ्यापुढची जागा रिकामी, कारण तो शेवटचा आकडा डायरेक्टरसाहेब स्वतःच्या हातानं लिहिणार होते. त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि निळ्या शाईत गोल, ठसठशीत आठ लिहिला. टाळ्या झाल्या. मी पट्टी पाडायला बसले. मागे फोटोग्राफर, बाजूला पाहुणे. पट्टी निघाली तशी सुभेदार वही घेऊन वाचनाला उभे राहिले. डायरेक्टर म्हणाले, आता काय वाचायचं, शेवटचा आकडा मी स्वतः लिहिलाय, चला, जेवणं थांबलीत.  सुभेदारांनी वही मिटली. मी त्यांना असं करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बांधणीला चाळीस मिनिटं लागली. यंत्र सुरू झालं. लटक्या गाड्यांची रांग आम्ही त्याला दिली, तीनशे गाड्या, चार काटे. यंत्रानं एकही गाडी चुकवली नाही. चीफ इंजिनियरांनी मान हलवली आणि मान्यतेच्या कागदावर सही केली. पेढे वाटले. मंडळी वरच्या मजल्यावर जेवायला गेली. विभाग कुपवाडला राहिला, माझं काम राहिलं, आणि ते राहिलं ते मी लिहिलेल्या कंपायलरमुळे, या आनंदात मला भूकही नव्हती.

सुभेदार जेवायला गेले नव्हते. ते म्हणाले, चला, वाचन राहिलंय. मला वाटलं, आता कशाला, पण मी बसले. पट्टी उलट छापली, वाचायला लागले. काटा, आठ. हजर. रांग, आठ. हजर. तीस नावं झाली.

“गाभा, चार,” मी वाचलं.

हजर आलं नाही. ते म्हणाले, “पुन्ना वाचा.” मी परत वाचलं. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. डायरेक्टरांचा इंग्रजी आठ निळ्या शाईत माझ्याकडे बघत होता. आज गाभा आठवर जाणार हे मला माहीत होतं. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते. पण हे माझ्या बोटांना माहीत नव्हतं. सुभेदारांच्या वहीत ते चिन्ह दिसलं आणि बोटांनी रोजच्यासारखा चार बडवला. कारखान्याच्या माणसानं ज्या यंत्रावर सही केली, त्याचा गाभा परदेशी कंपायलरनं काढलेला होता आणि आमच्या कंपायलरनं तो काढता येतो की नाही, हे अजून कुणालाच कळलेलं नव्हतं.

 मी घाईघाईनं म्हणाले, की त्यांचं जेवण व्हायच्या आत आपण आठ घालून परत बांधू. चाळीस मिनिटं तर लागतात.

“आन न्हाई चाललं तर?”

“तर चार आहेच. चारवर चालतंय.”

“मंग सही कशावर झाली, बाई?”

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसलं असणार, पण त्यांनी पाहिल्यासारखं दाखवलं नाही. वही आणि तो छापील कागद घेऊन ते जिना चढायला लागले. मी मागोमाग गेले. ते मला टाळून गेले असते तर मला जास्त लाज वाटली असती.

चीफ इंजिनियर भाकरी मोडत होते. सुभेदार ताटासमोर ताठ उभे राहिले आणि अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “वाचन ऱ्हायलं. ते मी सोडलं. चूक माजी हाय.” डायरेक्टरांचा चेहरा पांढरा पडला. मी मागून म्हणाले, की पट्टी मी पाडली, चार मी मारला.  चीफ इंजिनियरांनी घास ताटात ठेवला.

“म्हंजे खाली चालतंय ते मशीन तुमच्या कंपायलरचं न्हाई?”

“तीस भाग आमचे. गाभा न्हाई.”

“आन गाभा तुमच्यावर चालंल का?”

त्या जागी दुसरा कुणीही ‘बहुतेक चालेल’ म्हणाला असता. मीही म्हणाले असते. सुभेदार म्हणाले, “म्हाईत न्हाई. आता बगू. तुमी बी या.”

सगळे खाली आले. मी नवी पट्टी पाडली, या वेळी वाचन झालं, शेवटच्या नावाला आठ आला आणि सुभेदार हजर म्हणाले. बांधणी झाली. यंत्र सुरू केलं. पहिल्या चार गाड्या गेल्या आणि पाचवीला ते थांबलं. परत सुरू केलं, परत चार गाड्या, परत थांबलं. 

डायरेक्टरांनी सुभेदारांना बाजूला घेतलं. हळू बोलत होते, पण मी जवळच होते. चार घाला, ते म्हणाले, तोवर मी यांना समजावतो, हंगामानंतर बघू पुढचं. सुभेदारांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. अटींचा भाग माझा, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती येळ लागंल?”

मी म्हटलं, तीन तास. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. सुभेदारांनी चीफ इंजिनियरांना विचारलं, की तीन तास थांबता का. त्या माणसानं एक खुर्ची ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बसला.

गाभ्यात एक जागा होती, जिथे एका अटीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असे सात पदर होते. कंपायलर लिहिताना मी सहा पदरांपुरती जागा ठेवली होती. सातवा कोण लिहील, असं मला वाटलं होतं. बाकीच्या तीस भागांत तसा कुणी लिहिला नव्हता, म्हणून सात महिने ती चूक माझ्या हातच्या कामात गप्प बसून होती. सातव्या पदराला माझा कंपायलर यंत्राला भलत्याच जागी उडी मारायला सांगत होता. चार गाड्या चार काट्यांवर गेल्या की पाचवीला थांबवण्याचा निर्णय नेमका त्याच पदरात होता. हे सापडायला मला दोन तास लागले. दुरुस्त करायला वीस मिनिटं. कंपायलर आधी परत उभा केला, मग एकतीसच्या एकतीस भाग आठवर परत बांधले, कारण सुभेदार म्हणाले, की बदललेल्या टोळीनं सगळं रान परत कापून दाखवलं पाहिजे. तेवढ्या वेळात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. डायरेक्टर दोनदा काही बोलायला आले तेव्हा मात्र ते मध्ये उभे राहिले.

तीनशे गाड्या गेल्या. चीफ इंजिनियर म्हणाले, आणखी घाला. पाचशे घातल्या. मग त्यांनी स्वतः टंकयंत्रावर बसून एकाच वेळी चारही काटे बंद असल्याचं कळवलं, परत उघडले, मध्येच एक गाडी माघारी वळवली. यंत्रानं सगळं सोसलं. ते उठले आणि दुपारचा सहीचा कागद मागितला. जुन्या सहीवर रेघ मारली आणि खाली नवीन सही केली.

त्यानंतर बरीच वर्षं मी या धंद्यात काढली. पुण्यात काढली, परदेशातही थोडी काढली. मोठमोठ्या ठिकाणी मोठमोठी माणसं मी चुका झाकताना पाहिली आणि तेव्हा तेव्हा मला जिना चढणारा तो स्वेटर आठवला. सुभेदार आता नाहीत. उंब्रजला त्यांच्या भावाच्या घरी गेले होते तेव्हा भिंतीवर त्यांचा फौजेतला फोटो होता आणि त्याखाली मराठी आकड्यांत त्यांचा फौजी नंबर. त्यांच्या हाताखाली शिकले हे मी मुलाखतीत सांगते तेव्हा समोरच्याला ते नाव ठाऊक नसतं. मला त्याचं काही वाटत नाही. मला ठाऊक आहे.

पण सांगायची राहिली ती त्या दिवसाची शेवटची गोष्ट. सही झाली, चीफ इंजिनियर टोपी घालून निघाले आणि दाराशी थांबून त्यांनी विचारलं, की हा कंपायलर केलाय कुणी. डायरेक्टर पुढे होऊन कंपनीचं नाव सांगायला लागले. सुभेदारांनी त्यांना बोलू दिलं नाही.

“ह्यांनी,” ते माझ्याकडे हात करून म्हणाले. “चूक बी ह्यांचीच आन दुरुस्ती बी ह्यांचीच. आष्ट्याच्या हायत.”

चीफ इंजिनियरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग आमच्याकडे कुणालाही विचारतात तेच त्यांनी विचारलं.

“आष्ट्याच्या? कुणाच्या म्हनायच्या?”

मी वडिलांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, “आमच्या.”